विहिरीतला वांदा

धावडा गावातल्या आमच्या वावरातल्या आंब्यावरचा वांदा माझ्या डोळ्यांआधी नाकाला भेटला.

लग्न होऊन महिनाही झाला नसेल. रजाकारांची धामधूम सरून गावं नुकती निवांत झाली होती. माणसं पुन्हा दारं उघडी टाकून ओसरीवर निजू लागली होती. माझं माहेर आष्टीकडचं, सपाट काळ्या रानाचं. इथं वावरात उभं राहिलं की वरच्या अंगाला अजिंठ्याच्या डोंगराची ओळ दिसायची. सकाळी ती निळी असायची, दुपारी उन्हाच्या धुरात अशी विरघळायची की तिथं डोंगर आहे का नाही, तेच कळू नये.

पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई भाकरी खाऊन आंब्याखाली लवंडलो होतो. त्यांना मी अक्का म्हणायचे. तोंडावर पदर ओढला, डोळा लागतो न लागतो तोच कुठूनतरी वास आला. वेलदोड्याच्या डबीचं झाकण कुणी उघडावं आणि लगेच मिटावं, तसा. मला वाटलं, मी आईच्या स्वयंपाकघरात आहे, सण आहे, आणि आई पाठमोरी उभी राहून काहीतरी ढवळते आहे. मी तिला हाक मारणार तोच वारा पडला आणि वास गेला. जागी झाले तर वर नुसती पानं हलत होती.

"अक्का, कशाचा वास येऊन राह्यला?"

अक्का जाग्याच होत्या. "आला का तुला? लई जणांना येतच न्हाई," त्या म्हणाल्या. "वर बघ. त्या आडव्या फांदीच्या बेचक्यात."

बघितलं तर फांदीला चिकटून एक झाड बसलेलं. मातीचा कण नाही, आणि तरी झाड. पन्हाळीसारखी मधोमध दुमडलेली जाड पानं, टोकाला उंदरानं कुरतडल्यासारखी. पांढऱ्या दोरांसारख्या मुळ्या फांदीला वेढे घालून काही खाली हवेत लोंबत होत्या. आणि पानांच्या बगलेतून आलेल्या दांडीवर सहा-सात फुलं. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी चौकडी, थेट चौकडीच्या लुगड्यासारखी. पाकळ्या मागून पांढऱ्याशुभ्र, आणि मधोमध जांभळी जीभ.

"वांदा म्हणतात त्याला," अक्का म्हणाल्या.

"म्हणजे बांडगूळच की."

"न्हाई गं. बांडगूळ झाडाचं रगत पितं. ह्यो काईच पीत न्हाई. नुसता बसतो, पाहुण्यासारखा. वाऱ्यावर जगतो."

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं, तर हे हसले. "वांदा? नावातच वांदा हाय त्याच्या. घरात आणू नको म्हंजे झालं."

त्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी त्याच जागी पडायचे. फुलं कितीतरी दिवस तशीच ताजी राहिली. अक्कांनी एकही तोडलं नाही, मलाही तोडू दिलं नाही. माहेर सोडून आलेल्या पोरीला दुपारी जे रडू येतं, ते मला त्या वर्षी आलं नाही. का आलं नाही ते मी तेव्हा शोधलंही नाही. अक्का शेजारी असायच्या, एवढं खरं. भाकरी कशी थापायची, सासरच्या माणसांच्या कोणत्या बोलण्याला उत्तर द्यायचं आणि कोणत्याला नाही, मिरच्या खुडताना हातांची आग होऊ नये म्हणून काय लावायचं, हे सगळं मला त्या आंब्याखालीच कळलं.

मग मामंजी वारले, आणि त्यांच्यामागं घर फाटलं.

भांडण मोटेच्या पाळीवरून सुरू झालं. कुणाचं चुकलं ते मला तेव्हा समजलं नाही, पुढंही नाही. दोघे भाऊ अबोल. अबोल माणसं भांडली की मागं घ्यायला त्यांच्याजवळ शब्दच नसतात. वावराची वाटणी झाली, बैलांची झाली, भांड्यांची झाली. आंगणात भिंत उठली. विहीर तेवढी वाटता येईना, म्हणून एक दिवस त्यांची पाळी, एक दिवस आमची. ह्यांनी मला सांगितलं, "तिकडलं बोलणं बंद म्हंजे बंद." भिंतीपलीकडं अक्कांनाही हेच सांगितलं असणार. सकाळी त्यांच्या बांगड्या वाजायच्या, चुलीचा धूर भिंतीवरून इकडं यायचा, आणि मी इकडं माझ्या चुलीपुढं बसून त्या आज काय शिजवतायत ते वासावरून ओळखायचे. हाक मारायची सोय नव्हती.

आंबा बांधावर होता, म्हणून तो दोघांचा राहिला. पण एका वैशाखात दुपारी डोंगराकडून धुळीचं वादळ उठलं. सगळं रान लाल झालं, दिवसाढवळ्या अंधारलं. वारा थांबल्यावर आम्ही बाहेर आलो तर आंबा मुळासकट आडवा पडलेला. कच्च्या कैऱ्यांचा सडा, आणि मुळांच्या जागी मोठा खड्डा, ओल्या मातीचा वास सोडणारा.

सुतार बोलावला. दोघा भावांनी एकमेकांकडं न बघता दोरी धरून लाकूड मापलं. वांद्याची फांदी नेमकी मध्यावर आली. जवळून पाहिलं तेव्हा कळलं की तो एक वांदा नव्हता, शेजारी शेजारी वाढलेले दोन होते. करवत दोन्ही वांद्यांच्या मधून गेली. त्यांच्या बाजूला अक्का उभ्या होत्या, आमच्या बाजूला मी. हे म्हणाले, "टाक ते उकिरड्यावर." मी वाकले आणि आमच्या तुकड्यावरचं झाड हळूच सोडवून पदरात घेतलं. मान वर केली तर समोर अक्काही तेच करत होत्या. मुळ्या फांदीला अशा घट्ट धरून होत्या की ओढताना साल निघत होती. आमची नजर एकमेकींवर पडली आणि दोघींनीही खाली बघितलं.

झाड म्हटलं की माती, एवढंच मला माहीत. मी एका फुटक्या माठाच्या बुडात काळी माती घातली, वर शेणखत, आणि त्यात वांदा गाडला. सकाळ-संध्याकाळ पाणी. खालची पानं पिवळी पडली, एकेक करून हातात यायला लागली. मुळी उकरून बघितली तर काळी, मऊ, कुजक्या बटाट्यासारखा वास येणारी. मला कळेना, इतकं खाऊपिऊ घालून हे मरतंय कसं.

मिरच्या वाळत घालायला मी घराच्या धाब्यावर चढले, तेव्हा भिंतीपलीकडं अक्कांच्या आंगणातला कडुलिंब दिसला. खोडाच्या दुबेळक्यात, पानांच्या विरळ सावलीत, अक्कांनी त्यांचा वांदा जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधला होता. माती नाही, खत नाही. मुळ्या उघड्या. अक्का तांब्या घेऊन आल्या, हातानं मुळ्यांवर पाणी शिंपडलं आणि गेल्या, बस्स. मी मिरच्या पसरायच्या सोडून बघत राहिले. पाणी पडलेल्या मुळ्या माझ्या डोळ्यांदेखत रंग बदलत होत्या. पांढऱ्याच्या हिरव्या. हळूहळू, आत कुणी दिवा लावावा तशा.

मी खाली उतरले आणि माझा वांदा उपसला. कुजलेल्या मुळ्या विळ्यानं कापून टाकल्या, कापल्या जागी चुलीतली राख दाबली, दोन दिवस पाणी न देता सावलीत ठेवला. मग त्याच आंब्याच्या लाकडाचा ओबडधोबड तुकडा शोधून, साल न काढता, त्यावर मऊ चिंध्यांनी बांधला. सुतळीनं बांधायचं नाही, ती कापते. चिंधी बरी. मुळी लाकूड धरीपर्यंत ती टिकते, मग आपोआप कुजून पडते. हे सगळं कुणी सांगितलं नाही. अक्का त्यांच्या लिंबाखाली काय करतात ते मी वरून बघायचे आणि खाली येऊन करायचे.

पावसाळ्यात त्याला माझी गरज नव्हती. आंगणात वळचणीला लटकवलेल्या ठिकाणी तो एकटाच हिरवा होत गेला. मुळ्यांना नवी टोकं फुटली, चकचकीत हिरवी, पोपटाच्या पिसासारखी. थंडीत पाणी कमी केलं. तेव्हा तो झोपतो, झोपलेल्याला पाजू नये. पण फाल्गुन लागला, झळा सुरू झाल्या, आणि पानांच्या दुमडीत सुरकुत्या दिसायला लागल्या. पाणी शिंपडलं तर मुळी हिरवी व्हायच्या आत सुकायची. आमच्याकडचा वारा तेव्हा चुलीच्या तोंडातून आल्यासारखा असतो. बांधावरच्या आंब्याच्या सावलीत तो कसा जगला ते असो, आंगणात काही तो तगत नव्हता.

एकदा विहिरीवर पाणी काढताना मी कठड्यावर ओणवी झाले आणि तोंडावर गार वाफ आली. वर अंगाची लाही, आणि हातभर खाली वेगळंच हवापाणी. कपारीत नेचे हिरवे होते, पारव्यांची घुमघुम आतल्या आत फिरत होती. मला वाटलं, ही विहीर श्वास घेते आहे. त्याच संध्याकाळी मी लाकडासकट वांदा आणला आणि मोटेच्या विरुद्ध बाजूला, कठड्याच्या जरा खाली, पुढं आलेल्या दगडाला टांगला. सकाळचं ऊन तिरपं त्या जागी यायचं, दहा वाजले की सावली. मुळ्या पाण्यापासून खूप वर. पाण्यात बुडलेला वांदा मरतो, त्याला पाण्याचा शेजार लागतो.

सुरकुत्या आठवड्याभरात भरल्या.

त्याच दिवसांत अक्कांची आई आजारी पडली आणि त्या माहेरी गेल्या. उन्हाळ्याचा सगळा मध्य त्यांनी तिकडं काढला. इकडं लिंबावरच्या वांद्याकडं कुणी बघितलं नाही. मी धाब्यावरून बघत होते. भिंत ओलांडता येत नव्हती आणि पाणी काही तिथवर फेकता येत नव्हतं. पानं आधी लोळली, मग तपकिरी झाली, मग नुसती कातडी राहिली. अक्का परत आल्या त्या सकाळी मी मिरच्यांचं निमित्त काढून वर गेले. त्यांनी चिंध्या सोडल्या, वाळलेलं झाड दोन्ही हातांत घेतलं आणि तिथंच लिंबाच्या पारावर बसल्या. त्यांची आई गेल्याचं मला तोवर कळलेलं नव्हतं. दोन दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तोवर मला वाटत होतं की त्या वांद्यासाठी रडतायत.

मग एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. आमच्या पाळीच्या दिवशी मी वांद्याला पाणी द्यायचे. दुसरा दिवस त्यांचा, त्या दिवशी मी विहिरीकडं जायचे नाही. म्हणजे तिसऱ्या सकाळी मुळ्या कोरड्या, रुप्यासारख्या पांढऱ्या असायला हव्यात. त्या हिरवट असायच्या, सकाळच्या पाळीच्या आधीच. मी म्हटलं, विहिरीची ओल. मला ती कल्पना आवडायची. मी तिथं नसताना विहीरच त्याला पाजते. भाकरी थापताना, माझ्या तान्ह्या पोरीला थोपटताना मी मनातल्या मनात बघायचे, पाणी आपलं आपण वर चढतंय, मुळ्यांना लागतंय, परत खाली उतरतंय.

मग एका सकाळी चिंधी नवी दिसली. माझी कुजून सैल झाली होती, त्या जागी दुसरी, हिरव्या लुगड्याच्या काठाची. तो काठ मी हजारात ओळखला असता. माझ्या पहिल्या वर्षी अक्का तेच लुगडं नेसून वावरात यायच्या.

मी कठड्याशी उभी राहिले. हसू आलं आणि मग ते हसू राहीना. त्या दिवशी मी पाणी दिलं आणि वांद्याची बाजू जराशी उन्हाकडं फिरवली, म्हणजे मी आले होते हे त्यांना कळावं. तिसऱ्या दिवशी तो आणखी जरा फिरलेला होता. एकदा तांदूळ धुतलेलं पाणी त्याच्यावर ओतलेलं दिसलं, पांढरट ओघळ राहिले होते. पुढच्या खेपेला मीही तेच नेलं. एकदा पानाला पांढरी बुरशीसारखी कीड लागली, मी ओल्या फडक्यानं निम्मी पानं पुसली, तोवर पोर रडायला लागली म्हणून घरी गेले; पुढच्या वेळी उरलेली निम्मी पुसलेली. असं वर्ष गेलं, वर दुसरा उन्हाळा लागला. आम्ही एक शब्द बोललो नाही.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात, जेठ महिन्याच्या तोंडाशी, तो फुलला. दांडी आली ती मला आधी मुळीच वाटली. मग तिला कळ्यांचे दाणे दिसले. फुललेल्या दिवशी पाळी त्यांची होती. मी घरात होते, आणि वारा विहिरीकडून आला. डबीचं झाकण उघडून मिटावं, तसाच वास. मी हातातलं काम टाकून दारात आले. भिंतीपलीकडून कळशी दारात टेकवल्याचा आवाज आला, आणि अक्का कुणाशी तरी मोठ्यानं बोलल्या, गरज नसताना इतक्या मोठ्यानं, "फुललाय गं बाई! सगळा फुललाय!" त्या घरात तेव्हा ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

भादव्यात थोरले दीर दुखण्यानं पडले. आमच्याकडं त्यांना भासरे म्हणतात, घरात सगळे दादा म्हणायचे. मी त्यांच्यासमोर कधी उभीही राहिले नव्हते, पदर ओढून बाजूला व्हायचे. धिप्पाड माणूस. आधी गुडघे सुजले, मग मनगटं. मग बाजेवरून उठवायला दोघं लागायची.

गावात एक मारवाडी शेठजी होते. पिढ्या इथंच गेलेल्या, किराणा आणि काष्ठौषधींचं दुकान. मी हळद घ्यायला गेले तेव्हा त्यांनी विषय काढला.

"तुमच्या जेठजींची हालत बराबर न्हाई, बाई. काढा दिला मी, पर माझ्याकडची रास्ना जुनी. बिलकुल कस न्हाई तिच्यात. ताजी पायजे."

"रास्ना म्हंजे?"

"वांद्याची मुळी. आमच्याकडं तिलाच रास्ना म्हणतात. तुमच्या जाऊबाईंना सांगितलं मी. 'बघते' म्हणल्या आन गेल्या. आठ दिवस झाले, परत आल्याच न्हाईत."

मी हळद घेतली का नाही तेही मला आठवत नाही. येताना रस्ताभर एकच विचार. अक्कांना माहीत आहे. एक दिवसाआड त्या विहिरीवर जातायत. घरात नवरा कण्हतोय, आणि हाताशी टांगलेल्या मुळीला त्या हात लावत नाहीत, कारण तुकडा आमच्या वाटणीचा होता.

दुसऱ्या दिवशी पाळी त्यांची होती. तरी मी उजाडताच गेले. डोंगरावर धुकं होतं, जवारीचं उभं पीक ओलं होतं, पाऊल टाकलं की पाणी उडत होतं. धुक्यातून विहिरीचा कठडा आधी दिसला, मग त्यावर कुणीतरी बसलेलं दिसलं. अक्काच. मांडीवर वांदा, उजव्या हातात विळा. किती वेळ तशा बसल्या होत्या कोण जाणे. केसांवर दव होतं.

"अक्का," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. "आज आमची पाळी हाय."

"माहीत हाय मला."

"घेऊन बसले, पर हात होईना. तुझं हाय ते."

"माझं एकटीचं कुठं? एक दिवसाआड कुणी पाजलं त्याला?"

त्यांनी आता वर बघितलं. डोळे सुजलेले होते. "तुला कळल्तं?"

"लुगड्याच्या काठावरून."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही तरी कुठं बोलल्या?"

त्या हसल्या. ते हसणं मी तीन-चार वर्षं ऐकलं नव्हतं. मी त्यांच्याशेजारी बसले. दगड गार होता. खाली पारवे जागे होत होते.

"कोणत्या कापायच्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या न्हाई. हिरव्या टोकाच्या राहू द्या, त्या वाढत्या हायेत."

"आन लाकडाला धरलेल्या?"

"त्याबी. लोंबणाऱ्या घ्या. एक सोडून एक."

मी मुळी धरायचे, त्या कापायच्या. विळा निखाऱ्यावर तापवून आणला होता त्यांनी, तेवढं भान ठेवलं होतं. कापलेल्या मुळीच्या पांढऱ्या सालीआत हिरवट धागा दिसायचा. दर कापाला अक्का ओठ चावायच्या. ओंजळभर मुळ्या झाल्या तेव्हा मी म्हटलं, "पुरे." त्या म्हणाल्या, "आणखी दोन घेऊ का?" आणि मग आपणच, "नको, राहू दे." मी पदराच्या टोकाला राख बांधून आणली होती, ती कापल्या जागी लावली. चार दिवस पाणी द्यायचं नाही असं ठरलं. ठरवायला तोंडानं बोलता येतं, याचंच आम्हाला नवल वाटत होतं. चार दिवसांची गोष्ट आम्ही कितीतरी वेळ बोलत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे विहिरीवरून आले आणि विचारलं, "त्या झाडाच्या मुळ्या कुणी तोडल्या?"

"मी. दादांच्या काढ्याला."

हे जेवायला बसले होते. भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून राहिले. मला वाटलं आता ताट सरकवतील. पण त्यांनी तो तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, पाणी प्यायले आणि बाहेर गेले. रब्बीची पेरणी तोंडावर आली तेव्हा एका सकाळी आमचे बैल आमच्या वावरात दिसेनात. बघते तर हे बांधापलीकडं तिफण धरून चालले होते. भासऱ्यांची बाज दोघा गड्यांनी बांधावर आणून ठेवली होती, ते तिथून काठीनं दाखवत होते: इकडं घे, तिकडं तण राह्यलं. बोलत नव्हते. हे काठीकडं बघून बैल वळवत होते. सगळं वावर असं पेरून झालं.

मुळीनं गुण दिला का, हे मी छातीठोक सांगणार नाही. सूज उतरली, पौष-माघात ते काठी टेकत चालू लागले. नांगर मात्र पुन्हा धरला नाही. शेठजींनाही मी विचारलं होतं, तर त्यांनी हात वर केले. "काढ्यानं झालं, उन्हानं झालं का भावानं पेरून दिलं म्हणून झालं, मला मालूम न्हाई, बाई."

वांदा रुसला. पुढचा उन्हाळा आला आणि दांडी आली नाही. पानं धरून तो नुसता बसून राहिला. अक्का म्हणायच्या, "मोठं दुखणं काढलंय त्यानं, घाई करू नको." आता त्या भिंतीपलीकडून हाक मारायच्या, मी लिंबाच्या सावलीत जाऊन बसायचे. भिंत कुणी पाडली नाही. दोघे भाऊ एका ताटावर पुन्हा कधी जेवल्याचं मला आठवत नाही. पण आमचं जाणं-येणं कुणी अडवलं नाही, आणि मोटेच्या पाळीचा हिशेब हळूहळू सगळ्यांच्याच डोक्यातून गेला.

मग एका पावसाळ्यात खोडाच्या बुडाशी, कापल्या मुळ्यांच्या जरा वर, हिरवा ठिपका दिसला. त्याची दोन पानं झाली, चार झाली. पिलू! अक्कांना लगेच तोडून हवं होतं, पण आम्ही थांबलो. पिलाला स्वतःच्या मुळ्या फुटून बोटभर लांब होईस्तोवर त्याला आईपासून काढायचं नाही, एवढं आता आम्हाला कळत होतं. दुसऱ्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला ते काढलं आणि अक्कांच्या बाजूला नव्यानं लावलेल्या आंब्याच्या रोपाला नाही, तर जुन्या बाभळीला बांधलं. आंब्याचं रोप अजून कोवळं होतं, आणि बाभळीची सावली विरळ, हवी तेवढी. खडबडीत साल मुळ्यांना धरायला बरी. पुढं त्या पिलाची पिलं झाली. गावातल्या दोन-चार बायांनी नेली. माती घालू नका म्हणून मी पुन्हा पुन्हा बजावून सांगायचे, तरी एकीनं कुंडीत लावलाच.

माझी पोरगी शाळेत जायला लागल्यावर तिच्या बाईंनी सांगितलं म्हणे, असल्या फुलांना पुस्तकात आमरी म्हणतात. शब्द गोड आहे. मला मात्र वांदाच तोंडात बसला.

विहिरीतला पहिला वांदा पुन्हा फुलला तो उन्हाळा मला अर्धवट स्वप्नासारखा आठवतो. दुपारभर वास वर-खाली होत होता, पारवे घुमत होते, आणि मी कठड्याच्या सावलीत डोळे मिटून बसले होते. काठीचा आवाज आला. भासरे विहिरीकडं येत होते. मी गडबडीनं पदर ओढला आणि वाट सोडून उभी राहिले. ते कठड्याशी थांबले, आत वाकून बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला उद्देशून एक अक्षर काढलं नव्हतं, रीतच नव्हती. त्यांनी तोंड डोंगराकडं केलं आणि डोंगरालाच सांगितल्यासारखं म्हणाले,

"यंदा फुलं बरी आल्यात."

मी जमिनीकडं बघत म्हणाले, "हो, दादा."

त्यांनी पुन्हा एकदा आत वाकून बघितलं. मग काठी टेकत, वावरातून वळसा घेत, हळूहळू घराकडं निघून गेले.